बोलणे स्वस्त, ऐकणे महाग

आमच्या गावात वीज आली तेव्हा मी सातवीत होतो. त्याआधी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. बातम्या आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम संपला, की शिपाई तो लगेच बंद करी. पुढे गाणी लागणार आहेत हे आम्हा मुलांना ठाऊक असे, पण "बॅटरी काय तुझा बाप आणणार?" या प्रश्नापुढे आमचे काही चालत नसे. ऐकायलाही पैसे पडतात, हा धडा मला त्या कट्ट्यावर मिळाला. पुढे परीक्षा देऊन, परवाना काढून मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला झालो, तेव्हा तो पुन्हा गिरवावा लागला.

हॅम मंडळींच्या एकाच पेटीत बोलण्याची आणि ऐकण्याची अशी दोन्ही यंत्रे असतात. पेटी विकत घेताना पहिला प्रश्न ठरलेला: किती वॅटची? म्हणजे बोलण्याचा जोर किती? ऐकताना ती किती वीज पिते, हे कोणी विचारत नाही. माहितीपत्रकातही तो आकडा कुठेतरी खाली, बारीक टाइपात असतो. घरी भिंतीतली वीज असते, तेव्हा काही बिघडत नाही. डोंगरावर किंवा पुरात वेढलेल्या गावात मात्र हाच आकडा सगळ्यात मोठा ठरतो. कारण तासाभरात माणूस बोलतो पाच-सहा मिनिटे; उरलेला वेळ तो कान देऊन बसलेला असतो.

हे फार पूर्वी ज्यांनी ओळखले, त्यांत ऑस्ट्रेलियाचे आल्फ्रेड ट्रेगर होते. स्वतः हौशी रेडिओवाले. १९२९ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरी गावाभोवतीच्या एकाकी वस्त्यांना उडत्या डॉक्टरांशी जोडण्यासाठी त्यांनी सायकलसारखी पेडल मारून चालणारा संच दिला. पेडल मारले, की साधारण वीस वॅट वीज तयार होई आणि तेवढ्यावर संदेश जाई. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला पाच मिनिटे पेडल मारता येते. पण उत्तराची वाट पाहत ती तासन् तास पेडल मारत बसू शकत नाही. ऐकण्यासाठी बॅटरीच हवी.

त्या काळची अडचण होती व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हच्या आत एक तंतू असतो, तो तापल्याशिवाय काम सुरूच होत नाही. नेहमीच्या वापरातल्या एका व्हॉल्व्हला तापायला ६.३ व्होल्टला ०.३ अँपिअर लागत, म्हणजे जवळजवळ दोन वॅट. चार व्हॉल्व्हचा संच घेतला, तर कानावर एक अक्षर पडायच्या आधीच साडेसात वॅट नुसते ऊब देण्यात गेले! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हेरांना 'बी-टू' नावाचा संच दिला जाई. जॉन ब्राउन यांनी तो बनवला होता. सुटकेसमध्ये मावणारा, वजन सुमारे पंधरा किलो, आणि वीज नसेल तिथे सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. ती बॅटरी चार्ज कशी करायची, याची चिंता इतकी मोठी होती, की हाताने, पायाने, एवढेच काय पण वाफेवर चालणारी छोटी जनित्रेसुद्धा तयार करण्यात आली. युद्ध संपल्यावर लष्करी संच जुन्या बाजारात आले आणि हौशी मंडळींनी ते हौसेने उचलले. चिंताही सोबत आलीच.

१९४० च्या सुमारास अमेरिकेत लहान व्हॉल्व्ह निघाले होते. त्यांचा तंतू १.४ व्होल्टवर अवघा ०.०५ अँपिअर घेई. खर्च पंचवीसपटीहून कमी झाला, तरी त्याच्या जोडीला ६७ किंवा ९० व्होल्टची वेगळी बॅटरी लागेच. खरी सुटका केली ट्रान्झिस्टरने. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत तो जन्मला आणि तापवायचा तंतूच नाहीसा झाला. आपल्याकडे शेतकऱ्याच्या खांद्यावर रेडिओ आला तो यामुळेच.

हॅममंडळींत या बदलाचा खरा लाभ करून दिला तो वेस हेवर्ड यांनी. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले हे गृहस्थ अभियंते, आणि डोंगर चढण्याचा नाद असलेले. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला बॅटरीच्या प्रत्येक तोळ्याचा हिशेब कळतो. १९६८ च्या नोव्हेंबरात 'क्यूएसटी' या मासिकात त्यांनी डिक बिंगहॅम यांच्यासोबत एक लेख लिहिला. नेहमीचा रेडिओ आलेली लहर आधी मधल्या एका कंप्रतेवर आणतो, तिथे वाढवतो, गाळतो आणि मग तिचा आवाज करतो. हेवर्ड म्हणाले, मधला मुक्काम गाळा. आलेल्या लहरीत जवळजवळ तेवढ्याच कंप्रतेची दुसरी लहर मिसळा, की फरक उरेल तो थेट ऐकू येणारा आवाज. सगळी वाढ आवाजाच्या पातळीवर करायची, आणि तिथे वीज फार थोडी लागते. दोष होते. एकच स्टेशन दोन ठिकाणी ऐकू येई आणि मागे गुरगुर असे. पण १९७२ मध्ये हीथकिट कंपनीने याच पद्धतीवर 'एचडब्ल्यू-७' हा घरी जुळवायचा संच काढला आणि ऐकण्याचा खर्च शंभर मिलिअँपिअरच्या आत आला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढे आकडा पुन्हा चढला! संचात अंक दाखवणारी खिडकी आली, तिच्यामागे दिवा आला, मायक्रोप्रोसेसर आला. शेजारचे दणदणीत स्टेशन सुरू असताना क्षीण आवाज दबू नये, म्हणून आतले भाग सतत भरपूर वीज खात तयारीत राहू लागले. १९९५ चा आयकॉमचा 'आयसी-७०६' घ्या. गाडीत बसवायला सुरेख, जोर शंभर वॅट. पण नुसते ऐकताना तो सुमारे १.८ अँपिअर घेतो, म्हणजे पंचवीस वॅट! व्हॉल्व्हच्या तापलेल्या तंतूंपेक्षाही जास्त. यूपीएसमध्ये असते तशी सात अँपिअर-तासांची बॅटरी चार तासही पुरणार नाही, आणि तीसुद्धा एक शब्द न बोलता.

२६ डिसेंबर २००४ ला अंदमान-निकोबारवर त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. हौशी मोहिमेसाठी गेल्या होत्या. फोन बंद पडले आणि त्यांच्या केंद्रावरून संदेश जाऊ-येऊ लागले. अशा वेळी केंद्र बंद ठेवून चालत नाही. कोण कधी हाक देईल, सांगता येत नाही.

म्हणून मी नवशिक्यांना एक हिशेब करायला लावतो. २००१ मध्ये बाजारात आलेला यासूचा 'एफटी-८१७' हा लाडका संच बोलताना दोन अँपिअर घेतो, ऐकताना ०.४५. तासात सहा मिनिटे बोललात तर ०.२ अँपिअर-तास गेले. चोपन्न मिनिटे ऐकलेत तर ०.४ गेले. ऐकणे दुप्पट महाग! याउलट कॅलिफोर्नियाच्या वेन बर्डिक यांनी १९९३ मध्ये 'नॉरकॅल-४०' केला. त्यातली मिश्रणाची चिप अडीच मिलिअँपिअरही घेत नाही. सगळा संच ऐकताना वीसच्या आसपास. त्यांच्याच कंपनीचा २००३ चा 'केएक्स-१' सुमारे ३५ घेई. आपली सात अँपिअर-तासांची बॅटरी त्याला नुसते ऐकायला आठ दिवस पुरावी. पण हे दोन्ही संच फक्त मोर्सचे. तहसीलदारांना त्यावर बोलता येणार नाही, हेही खरे. २०१२ च्या 'केएक्स-३' ने बोलण्याची सोय ठेवून १५० पर्यंत मजल मारली. २०२० चा 'आयसी-७०५' रंगीत पडदा मिरवतो आणि नुसता जागा राहायला तीनशेच्या आसपास घेतो. पडदा सुंदर आहे. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला तो आवडतो.

ज्यांच्याजवळ कमी खाणारा संच नाही, ते काय करतात? अमेरिकेतल्या रानावनांत फिरणाऱ्या हॅमनी एक रीत पाडली आहे. सकाळी सातपासून दर तीन तासांनी पहिली पाच मिनिटे संच सुरू करून एका ठरलेल्या कंप्रतेवर कान द्यायचा. सात, दहा, एक, चार, सात. मग बंद. बॅटरी आठवडाभर टिकते. पण दहा वाजून वीस मिनिटांनी कड्यावरून कोणाचा पाय घसरला, तर जवळच्या डोंगरावरचा माणूस त्याची हाक ऐकेल ती एक वाजता.