पाउल एहरेनफेस्ट : शास्त्रज्ञांचा सखा आणि शिक्षक

पदार्थविज्ञानाच्या इतिहासाकडे पाहताना आपले लक्ष साहजिकच शोधांकडे आणि शोधकांकडे जाते. अमुक नियम कोणी सांगितला, तमुक कण कोणास सापडला, कोणत्या वर्षी कोणास नोबेल पारितोषिक लाभले, या हिशेबातच त्या इतिहासाची पाने भरून जातात. परंतु शास्त्र हे माणसांच्या संगतीत वाढते. शंका विचारणारा, अडलेल्याला धीर देणारा, दोन प्रतिभावंतांना एका खोलीत समोरासमोर बसविणारा असा कोणी नसेल, तर पुष्कळसे शोध उशिरा लागतील आणि काही लागणारही नाहीत. हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाचे प्राध्यापक पाउल एहरेनफेस्ट हे अशा माणसांत अग्रगण्य होत. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. तरीही आइन्स्टाइन यांनी १९३४ साली त्यांच्यावर जो स्मृतिलेख लिहिला त्यात, आपल्या व्यवसायात याहून श्रेष्ठ शिक्षक आपल्या पाहण्यात नाही, अशी निःसंदिग्ध ग्वाही दिली आहे.

एहरेनफेस्ट यांचा जन्म १८ जानेवारी १८८० रोजी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. पाच भावंडांत पाउल सर्वांत धाकटे. वयाच्या दहाव्या वर्षी आई गेली आणि सोळाव्या वर्षी वडिलांचेही छत्र हरपले. या पोरक्या, हळव्या मुलाला आधार मिळाला तो गणिताचा आणि पुढे लुडविग बोल्ट्झमान या महान गुरूचा. वायूचे गुणधर्म त्याच्या असंख्य रेणूंच्या गतीवरून सांगता येतात, हा सिद्धान्त बोल्ट्झमान त्या काळी विरोधकांशी झुंज देत मांडीत होते. त्यांच्याच हाताखाली १९०४ साली एहरेनफेस्ट यांनी डॉक्टरेट मिळविली. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, बोल्ट्झमान यांनी आत्महत्या केली. गुरूचे कार्य शिष्याच्या खांद्यावर आले, आणि गुरूच्या अखेरीची छायाही, दुर्दैवाने, त्याच्या आयुष्यावर पडावयाची होती.

मध्यंतरी गॉटिंगेन विद्यापीठात त्यांची गाठ तात्याना अफानास्येवा या रशियन गणितज्ञ तरुणीशी पडली होती. ही मुलगी गणितमंडळाच्या सभांना का येत नाही, याची चौकशी करता, स्त्रियांना तेथे प्रवेश नाही असे त्यांना कळले. एहरेनफेस्ट यांनी वाद घालून तो नियमच बदलून घेतला. १९०४ च्या डिसेंबरात दोघांचा विवाह झाला. ऑस्ट्रियाच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे ज्यू आणि ख्रिस्ती यांचा विवाह होऊ शकत नसे. म्हणून दोघांनीही आपण कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर केले. सोयीसाठी म्हणून उच्चारलेला हा शब्द एहरेनफेस्ट यांनी पुढे फार मोठी किंमत देऊन पाळला.

१९०७ पासून पाच वर्षे हे जोडपे सेंट पीटर्सबर्गमध्ये राहिले. परका, ज्यू कुळातला आणि वर धर्म न मानणारा, अशा माणसाला झारच्या रशियात कायमची प्राध्यापकी मिळणे शक्य नव्हते. पण विद्येला पगार लागत नाही. आब्राम योफे यांच्यासारखे मित्र त्यांना तेथेच मिळाले. गॉटिंगेनचे ज्येष्ठ गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या गणितविषयक ज्ञानकोशासाठी बोल्ट्झमान यांच्या शास्त्रावर लेख लिहावयास सांगितले, तो पतिपत्नींनी मिळून याच काळात सिद्ध केला. गुरूच्या विचारांतील कोणता भाग पक्का आणि कोणता अद्याप डळमळीत, हे इतक्या स्वच्छपणे तोपर्यंत कोणीच सांगितले नव्हते.

अवघड गोष्ट सोप्या दाखल्यात पकडण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. बोल्ट्झमान यांच्यावर असा आक्षेप असे की, रेणूंची गती जर मागे-पुढे कशीही चालू शकते, तर गरम चहा नेहमी निवतोच का? आपोआप पुन्हा गरम का होत नाही? यावर एहरेनफेस्ट दांपत्याने दोन कुत्री आणि शंभर पिसवा यांचा खेळ मांडला. सर्व पिसवा एका कुत्र्याच्या अंगावर आहेत आणि प्रत्येकीला क्रमांक आहे. चिठ्ठी काढावी आणि ज्या पिसवेचा क्रमांक निघेल तिने दुसऱ्या कुत्र्यावर उडी मारावी. पहिली उडी अर्थातच दुसऱ्या कुत्र्याकडे जाणार. हळूहळू दोहोंवर जवळजवळ सारख्या पिसवा होणार आणि मग थोडी कमीजास्त होत संख्या तेथेच घोटाळत राहणार. साऱ्या पिसवा पुन्हा पहिल्या कुत्र्यावर येणे अशक्य मुळीच नाही. परंतु त्यासाठी सरासरीने जितक्या चिठ्ठ्या काढाव्या लागतील, ती संख्या लिहावयास एकावर तीस शून्ये द्यावी लागतात! निसर्गाचा एकाच दिशेचा ओघ हा असा संभवाच्या गणितातून निर्माण होतो. पुंजवादाच्या आरंभकाळी जुन्या सिद्धान्ताचा जो डोलारा कोसळला, त्याला ‘जंबुपार अरिष्ट’ हे प्रसिद्ध नाव १९११ साली दिले तेही एहरेनफेस्ट यांनीच.

१९१२ च्या प्रारंभी नोकरीच्या शोधात ते जर्मन भाषिक विद्यापीठांचा दौरा करीत प्रागला पोचले. तेथे आइन्स्टाइन प्राध्यापक होते. स्टेशनवर भेट झाली, बोलणे सुरू झाले आणि काही तासांतच दोघांचा जन्माचा स्नेह जमला. दिवसा सापेक्षतावादावर वाद, आणि वादातून सवड झाली की ब्राह्म्सच्या रचना, आइन्स्टाइनच्या हाती व्हायोलिन आणि एहरेनफेस्ट पियानोवर, असा आठवडा गेला. आइन्स्टाइन प्राग सोडणार होते. आपल्या जागी या मित्राला घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. पण ऑस्ट्रियाच्या विद्यापीठात नेमणूक व्हावयाची तर कागदावर कोणता तरी धर्म लिहिणे भाग होते. आइन्स्टाइन यांनी तो लिहिला होता. एहरेनफेस्ट यांनी नकार दिला. बायकोमुले पदरी, मिळकत जवळजवळ नाही, अशा स्थितीतला हा नकार होता.

त्याच वर्षी नशिबाने दुसरे दार उघडले. सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचे पितामह हेन्ड्रिक लोरेन्ट्झ लायडेनच्या आसनावरून निवृत्त होऊ पाहत होते. आइन्स्टाइन येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी या बेकार तरुणाची निवड केली. डिसेंबर १९१२ मध्ये एहरेनफेस्ट यांचे प्रास्ताविक व्याख्यान झाले आणि लायडेनमध्ये एक नवे युग सुरू झाले.

त्यांची शिकविण्याची रीत निराळी होती. फळा भरून समीकरणे लिहिण्यापेक्षा, मुद्दा नेमका कोठे आहे हे दाखविण्यावर त्यांचा भर असे. ‘मला हे कळले नाही’ असे म्हणावयास त्यांना कधी लाज वाटली नाही आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचीही भीड चेपली. दर बुधवारी संध्याकाळी त्यांचे चर्चामंडळ भरे; तेथे उपस्थिती सक्तीची आणि प्रश्नांना मात्र मुक्तद्वार. पाहुणा कितीही मोठा असो, त्याचे बोलणे संदिग्ध झाले की एहरेनफेस्ट त्याला थांबवीत. व्हिट रोझेनस्ट्राट या रस्त्यावरील त्यांच्या घराचा आराखडा तात्याना यांनी स्वतः केला होता. त्या घरात मद्य आणि तंबाखू यांना मज्जाव होता, जेवण शाकाहारी असे. पण पाहुण्यांची रीघ कधी खंडली नाही. घरातील एका भिंतीवर येणाऱ्यांनी सह्या करावयाच्या असा प्रघात पडला. त्या भिंतीवर आइन्स्टाइन, बोर, पाउली, डिरॅक यांची नावे उमटली. १९२० पासून आइन्स्टाइन लायडेनचे विशेष प्राध्यापकही झाले. वर्षातून काही आठवडे त्यांनी यावे आणि मित्राच्या घरी राहावे, अशी ही योजना एहरेनफेस्ट यांनीच खटपट करून जमविली होती.

शिष्यांची नामावळी पाहिली म्हणजे या गुरूची थोरवी कळते. क्रामर्स, उलेनबेक, गाउडस्मिट, कासिमिर हे सारे त्यांच्या हाताखाली तयार झाले. यान टिन्बर्गेन यांचा ओढा अर्थशास्त्राकडे आहे हे दिसताच त्यांनी त्याला अडविले नाही. दोन्ही विषय जोडणारा प्रबंध लिहावयास उत्तेजन दिले. हेच टिन्बर्गेन १९६९ मध्ये अर्थशास्त्राच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. इटलीतील एन्रिको फर्मी हा तरुण गॉटिंगेनमध्ये काही काळ राहून निराश झाला होता. आपल्यात खरोखर गुण आहे की नाही याची त्याला शंका वाटू लागली होती. १९२४ च्या शरद ऋतूत तो लायडेनला आला. एहरेनफेस्ट यांच्या पसंतीच्या शब्दाने त्याचा गेलेला आत्मविश्वास परत आला.

१९२५ मधील एक प्रसंग तर शास्त्राच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. इलेक्ट्रॉनला स्वतःभोवतीची गिरकी आहे, ही कल्पना त्या वर्षाच्या आरंभी क्रोनिग नावाच्या तरुणाला सुचली होती. पाउली यांनी ती झिडकारली आणि क्रोनिगने ती छापलीच नाही. पुढे काही महिन्यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे उलेनबेक आणि गाउडस्मिट यांच्या मनात आली. एहरेनफेस्ट यांनी त्यांना लहानसे टिपण लिहावयास सांगितले आणि लोरेन्ट्झ यांचा सल्लाही घ्यावयास सांगितले. लोरेन्ट्झ यांनी हिशेब करून दाखविले की, असा इलेक्ट्रॉन फिरला तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाहून कितीतरी अधिक भरेल. दोघे तरुण घाबरले आणि टिपण परत मागू लागले. एहरेनफेस्ट म्हणाले, ते तर केव्हाच रवाना झाले. आणि तुम्ही अजून तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हांला परवडेल. कल्पना खरी ठरली. तीच बुद्धी, तेच वय, तोच विचार. मात्र क्रोनिगच्या मागे असा वडीलधारा उभा नव्हता.

भारताशीही या माणसाचा एक नाजूक धागा जुळतो. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी पाठविलेला निबंध आइन्स्टाइन यांनी उचलून धरला आणि ती गणनपद्धती वायूंना लावली. त्यावर, या पद्धतीत कण परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत, अशी हरकत एहरेनफेस्ट यांनी घेतली. आइन्स्टाइन यांनी पुढच्या निबंधात मित्राचे नाव घेऊन ती मान्य केली. बोस यांच्या शोधातील खरी नवलाई कोणती, हे या मित्राच्या शंकेनेच उघड झाले.

परंतु इतरांना धीर देणारा हा पुरुष स्वतःविषयी मात्र निर्दय होता. ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रसेल्स येथे सॉल्वे परिषद भरली. नव्या पुंजयामिकीवरून आइन्स्टाइन आणि बोर यांच्यात वाद जुंपला आणि एहरेनफेस्ट दोघांचेही जिवलग! एकाच वेळी अनेक जण बोलू लागले तेव्हा त्यांनी उठून फळ्यावर बायबलातील बाबेलच्या मनोऱ्याचे, म्हणजे भाषांच्या गोंधळाचे, स्मरण करून देणारे वाक्य लिहिले. पुढे त्यांनी आइन्स्टाइन यांना स्पष्टच बजावले की, सापेक्षतावादाचे विरोधक तुमच्याशी जसे भांडत, तसे आता तुम्ही नव्या विचाराशी भांडत आहात. बोलताना त्यांचा जीव तुटत होता. मित्राशी एकमत झाल्यावाचून त्यांना स्वस्थता लाभणार नव्हती.

त्यानंतरची वर्षे उत्तरोत्तर काळी होत गेली. नवे शास्त्र अमूर्त गणिताच्या वाटेने धावू लागले. जे मनोमन पटले नाही ते शिकवावयाचे कसे, हा प्रश्न त्यांना जाळू लागला. आपण मागे पडलो, लोरेन्ट्झ यांच्या आसनावर बसावयास आपण लायक नाही, या विचाराने त्यांना ग्रासले. संसारातही ताण होता. धाकटा मुलगा वासिली जन्मतः मतिमंद होता. त्याच्या संगोपनाची चिंता मोठी होती. जर्मनीत हिटलरचे राज्य आले आणि ज्यू सहकाऱ्यांची परवड सुरू झाली. ऑगस्ट १९३२ मध्ये त्यांनी बोर, आइन्स्टाइन, योफे आदी निकटच्या मित्रांना उद्देशून निरोपाचे पत्र लिहून ठेवले. ते त्यांनी धाडले नाही. सप्टेंबर १९३३ मध्ये कोपनहेगनची सभा आटोपून निघताना, तुमच्या प्रश्नांचा सभेला फार उपयोग झाला असे डिरॅक त्यांना म्हणाले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्याच महिन्याच्या २५ तारखेस अॅमस्टरडॅम येथे त्यांनी पंधरा वर्षांच्या वासिलीवर गोळी झाडली आणि नंतर स्वतःचे जीवन संपविले.

या शेवटाचे समर्थन कोणी करू नये. त्या निरपराध मुलाला जगण्याचा तितकाच हक्क होता, आणि एहरेनफेस्ट यांच्या गुणांच्या झगमगाटात त्याचा विसर पडणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय होईल. तसेच आजाराने पोखरलेल्या मनाला वेळीच औषधपाणी आणि सोबत मिळावी लागते, हेही येथे स्पष्ट होते. आइन्स्टाइन यांनी आपल्या लेखात मित्राच्या दुःखाचे निदान मोठ्या कळवळ्याने केले आहे. त्यांच्या मते, एहरेनफेस्ट यांची चिकित्सक बुद्धी त्यांच्या निर्मितिशक्तीहून प्रखर होती. ती स्वतःच्या विचारांना अंकुर फुटताच खुडून टाकी. आणि आपण अपुरे आहोत ही त्यांची भावना वस्तुस्थितीला धरून मुळीच नव्हती.

वस्तुस्थिती काय होती, हे पुढील काळाने सांगितले. त्यांच्या नावाचे प्रमेय आज पुंजयामिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. पदार्थाच्या अवस्थांतरांचे त्यांनी १९३३ साली केलेले वर्गीकरण आजही सांगितले जाते. त्यांच्या जागी त्यांचाच शिष्य क्रामर्स बसला. थोरली कन्या तात्याना गणितज्ञ म्हणून नावारूपाला आली. लायडेनचे बुधवारचे चर्चामंडळ त्यांच्याच नावाने चालत राहिले. ज्या मनुष्याला आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटत होते, त्याच्या शब्दाने फर्मी सावरला, त्याच्या आग्रहाने इलेक्ट्रॉनची गिरकी छापली गेली आणि त्याच्या घरात आइन्स्टाइन व बोर एकमेकांशी मोकळेपणी बोलले. शिक्षकाची कमाई अशी दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत असते. तिचा हिशेब त्याला स्वतःला क्वचितच दिसतो. म्हणून तो त्याच्या हयातीत त्याच्यापुढे मांडणे हे मित्रांचे आणि शिष्यांचे कर्तव्य ठरते.