शीव कोणाची?

शीव म्हणजे सीमा. १६६९ ते १६७७ च्या दरम्यान इंग्रजांनी येथील टेकडीवर किल्ला बांधला, कारण पलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती. १७३९ साली ती मराठ्यांकडे व १७७४ साली इंग्रजांकडे गेली. तरी शहराची हद्द शिवेपाशीच थांबे. उपनगरे पालिकेत आली ती १९५० साली. १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १९९० साली मात्र मुंबईचे दोन जिल्हे झाले आणि जुनी सीमा शिवेपलीकडे पुन्हा उमटली. महानगरपालिका एक, जिल्हाधिकारी दोन! शिवाय १८८८ च्या कायद्याने कारभाराची सत्ता आयुक्तांकडे आहे आणि त्यांना नेमते राज्यसरकार. नगरसेवक तेवढे आपण निवडतो. तेव्हा श्रोतेहो, हद्द वाढत गेली तशी नागरिकांची सत्ताही वाढली काय, हा प्रश्न आपण शिवेच्या रहिवाशांनी विचारलाच पाहिजे.