अंगणातला रायगड
बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला आणि मराठी घरे या मातीत रुजत गेली. समता कॉलोनीच्या सपाट भूमीवर वाढलेल्या आमच्या अनेक विद्यार्थ्यांनी सह्याद्री पाहिलेला नाही. तरीही दिवाळीत ते विटा, गोणपाट व चिखल यांतून रायगड उभारतात, अळीव पेरून डोंगर हिरवा करतात. आमच्या बालपणी मावळे बुरुजाहून उंच असत. आजची मुले नकाशा पाहून प्रमाण ठरवतात. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड बसवताना शत्रूला तो समोरून का दिसत नसे, हे त्यांना आपोआप उमगते. पाठ केलेल्या सनावळीपेक्षा हे ज्ञान अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे. घरांची अंगणे आता आक्रसत आहेत. म्हणून शाळेच्या पटांगणाचा एक कोपरा किल्ल्यासाठी कायम राखण्याचा संकल्प या हीरकमहोत्सवी वर्षात आम्ही करीत आहोत.