केसालाही धक्का

एखाद्याच्या रक्षणाची हमी द्यावयाची झाली, म्हणजे ‘तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही’ असे आपण मराठीत म्हणतो. केस हा देहाचा सर्वांत क्षुल्लक अंश. तोही सुरक्षित असेल तर माणूस सर्वस्वी सुरक्षित, असा त्या वचनाचा भाव. प्रभू येशूनेही शिष्यांना निर्भय करताना मस्तकावरच्या केसांचाच दाखला दिला. पित्याने तेसुद्धा मोजून ठेवले आहेत, असे त्याने त्यांना सांगितले. परंतु या जगात असाही एक समाज आहे, की ज्याच्या केसालाच सर्वांत आधी धक्का लावण्यात आला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचा हा समाज होय. त्यांच्या केसांचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. विषय ऐकून काही वाचकांना हसू येईल; केशभूषा हा काय गंभीर लेखाचा विषय, असेही वाटेल. पण माणसाला हीन ठरविण्याचे काम नेहमी तलवारीनेच होते असे नाही. पुष्कळदा ते फणीनेही होते. आणि गेलेला मान परत मिळविण्याचे कामही फणीनेच होऊ शकते.

पश्चिम आफ्रिकेतील अनेक जमातींमध्ये केसांची ठेवण ही माणसाची ओळखच असे. वेण्यांची रचना पाहून त्या व्यक्तीचे कूळ, वय, ती विवाहित की अविवाहित, हे जाणत्याला कळे. केस विंचरणे, गुंता सोडविणे, पेड घालणे हे तासन् तास चालणारे काम. ते आई, आजी, बहीण वा मैत्रीण यांच्या मांडीशी बसून होई. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी या लोकांना जहाजांवर चढविले, तेव्हा अनेकांची डोकी भादरण्यात आली. कारण स्वच्छतेचे सांगितले जाई. परिणाम मात्र निराळाच होता. ज्याचे कूळ त्याच्या मस्तकावर लिहिलेले होते, तो क्षणात कुळहीन झाला. पुढे मळ्यांवर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या स्त्रियांना ना वेळ होता, ना तेल, ना त्यांच्या दाट, घट्ट वळणांच्या केसांना चालेल अशी फणी. मिळाला तर रविवार तेवढा मिळे. त्या दिवशी बायका एकमेकींचे केस विंचरीत, दोऱ्याने वा चिंधीने बांधून ठेवीत. मालक त्या केसांना लोकर म्हणत. जनावराच्या अंगावरचा शब्द माणसाच्या डोक्यावर आणून ठेवीत. अशा स्थितीत रविवारचे ते विंचरणे म्हणजे आपण माणसे आहोत, हे एकमेकींना सांगणेच होते.

जे मळ्यावर चाबकाने झाले, ते शहरात कायद्याने झाले. १७८६ साली न्यू ऑर्लीन्स शहर स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते. तेथे स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्त्रियांची संख्या वाढत होती. त्या उंची वस्त्रे नेसत, केसांत रत्ने व पिसे माळत. गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी हुकूम काढला, की अशा स्त्रियांनी केसांत अलंकार घालू नयेत आणि केस ‘तिन्याँ’ नावाच्या फडक्याने झाकावेत. स्वतंत्र असली तरी तिची जागा दासीच्या पंक्तीत आहे, हे दुरून ओळखू यावे, हा हेतू. हे राज्य कॅथलिक राजाचे होते, ही गोष्ट आपण लपवू नये. पण त्या स्त्रियांनी काय केले? त्यांनी हुकूम पाळला. रंगीबेरंगी, उंची कापड घेतले, त्याला नाना तऱ्हेच्या गाठी दिल्या, आणि अपमानाचे ते फडके असे काही बांधले, की तीच त्या शहराची शोभा झाली! याच न्यू ऑर्लीन्समधील स्वतंत्र मिश्रवर्णीय घराण्यात पुढे हेन्रिएत देलिल जन्मली. तिने १८४२ साली ‘सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली’ हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला व गुलामांची आणि निराधार वृद्धांची सेवा केली. २०१० साली ख्रिस्तसभेने तिला वंदनीय म्हणून घोषित केले.

मस्तकावर सत्ता गाजविण्याची ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. विधवेचे सक्तीने केशवपन करून तिला आयुष्यभर ओळखू येईल अशी खूण करण्याची चाल आपल्याकडे होतीच. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविण्यास नकार दिला. ज्या महात्मा फुल्यांचे लोखंडे अनुयायी, त्यांनी ‘गुलामगिरी’ हा आपला १८७३ सालचा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केला होता.

याच इतिहासात एक पुरुष असा आहे, की ज्याचे नाव प्रत्येक कॅथलिक कुटुंबाला ठाऊक असावयास हवे. पिएर तुसाँ हे त्याचे नाव. सँ-दोमँग म्हणजे आजच्या हैती येथे तो गुलाम म्हणून जन्मला. १७८७ साली मालकाने त्याला न्यूयॉर्कला आणले व एका केशभूषाकाराच्या हाताखाली घातले. त्याच्या बोटांत कला होती. शहरातील श्रीमंत गोऱ्या स्त्रिया त्याच्याकडूनच केशरचना करून घेऊ लागल्या. मालक मरण पावला, संपत्ती बुडाली. तेव्हा या गुलामाने आपल्या कमाईवर मालकिणीचे घर चालविले. १८०७ साली मृत्युशय्येवरून तिने त्याला मुक्त केले. पुढे त्याने पैसे भरून आपल्या बहिणीला व भावी पत्नी ज्युलिएतला दास्यातून सोडविले, अनाथ मुलांना घरात आसरा दिला, चर्च व अनाथालयांसाठी वर्गण्या गोळा केल्या. वर्षानुवर्षे तो रोज सकाळी संत पीटर चर्चमध्ये मिस्सेला जाई आणि मग कामाला लागे. १८५३ साली तो वारला. १९९० साली त्याचे अवशेष न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या तळघरात, आर्चबिशपांच्या शेजारी ठेवण्यात आले; हा मान मिळालेला तो पहिलाच प्रापंचिक. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला वंदनीय घोषित केले. ज्या समाजाच्या केसांना लोकर म्हणून हिणविले जाई, त्याच समाजाच्या एका पुत्राने हिणविणाऱ्यांचे केस हळुवार हातांनी सजविले आणि त्याच हातांनी जपमाळ ओढली. यापेक्षा बोलके उत्तर कोणते?

१८६५ साली गुलामगिरी गेली. पण मनावरची बेडी गेली नाही. सरळ, मऊ, खांद्यावर रुळणारे केस ते ‘चांगले’ आणि कुरळे ते ‘वाईट’, हा निवाडा आता कृष्णवर्णीयांच्या घरांतूनच ऐकू येऊ लागला. नोकरी हवी असेल तर केस सरळ हवेत, असा व्यवहारच होता. तापविलेल्या लोखंडी फणीने केस सरळ करण्याची रीत पसरली. या काळात सॅरा ब्रीडलव्ह ही स्त्री पुढे आली. तिचा जन्म १८६७ सालचा, लुइझियानातील कापसाच्या मळ्यावरचा. ती लहानपणीच पोरकी झाली, विसाव्या वर्षी विधवा झाली, आणि कपडे धुऊन मुलीला वाढवीत असता तिचे केस गळू लागले. त्यावर तिने मलम तयार केले व १९०६ पासून ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने मोठा व्यवसाय उभारला. धुणीभांडी करणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना तिने विक्रीच्या कामातून स्वाभिमानाची भाकर दिली. तिच्या फणीने केस सरळ होत, म्हणून तिच्यावर टीकाही झाली. आम्हांस वाटते, की जिने केस गळण्याचे दुःख स्वतः भोगले, तिचा न्याय करताना आपण घाई करू नये.

पुढे फणीची जागा रसायनांनी घेतली. कॉस्टिक सोड्याचे मिश्रण डोक्याला लावावयाचे, टाळू भाजू लागेपर्यंत सोसावयाचे आणि मग धुवावयाचे, असा तो प्रकार. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०२२ साली ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांत दिसले. ज्यांना रसायन नको, त्या दुसऱ्याचे केस जोडून घेत. तिरुमला येथे भाविकांनी नवसाने वाहिलेले आणि लिलावात विकले गेलेले केसही याच बाजारातून अमेरिकेत पोहोचतात. एका गरीब स्त्रीने देवाला वाहिलेली वस्तू दुसरीने स्वतःला लपविण्यासाठी विकत घ्यावी, असा हा बाजाराचा खेळ!

पालट झाला तो गेल्या शतकाच्या सातव्या दशकात, आणि तो व्याख्यानांइतकाच मौजेच्या ठिकाणी झाला. २८ जानेवारी १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘नॅचरली ’६२’ हा कार्यक्रम झाला. छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट व त्यांचे बंधू यांच्या मंडळाने तो भरविला होता. काळ्यासावळ्या तरुणी आपले नैसर्गिक केस मिरवीत व्यासपीठावर आल्या आणि ‘काळे ते सुंदर’ ही घोषणा लोकांनी डोळ्यांनी पाहिली. १९६३ साली सिसिली टायसन ही अभिनेत्री दूरचित्रवाणीच्या मालिकेत आखूड, नैसर्गिक केसांनी दिसली. घरोघरी मुलींनी तिला पाहिले व आरशात स्वतःला निराळ्या नजरेने पाहिले. १९७० साली डॉन कॉर्नेलियस यांनी शिकागोत ‘सोल ट्रेन’ हा नाचगाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. शनिवारी घरातील मुले त्याच्यासमोर नाचत; मध्येच ‘अफ्रो शीन’ या केसांच्या प्रसाधनाची जाहिरात लागे आणि तीत त्यांच्यासारखेच केस असलेली हसरी माणसे दिसत. जाहिरात ती जाहिरातच. पण ज्यांना कोणी कधी सुंदर म्हटले नाही, त्यांना ती मेजवानी वाटली तर नवल नाही.

मार्ग तरीही सोपा नव्हता. १९८१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने एका विमान कंपनीतील कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीची तक्रार फेटाळली. टाळूलगत घातलेल्या बारीक वेण्या कामावर चालणार नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. ही वेणी लोकप्रिय झाली ती १९७९ सालच्या एका चित्रपटातील गोऱ्या नटीमुळे, याचीही न्यायालयाने नोंद घेतली! आजीच्या आजीपासून चालत आलेली वेणी गोऱ्या मस्तकावर फॅशन ठरली आणि काळ्या मस्तकावर बेशिस्त. पुढे ३८ वर्षांनी, २०१९ साली, कॅलिफोर्निया राज्याने केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला. ‘क्राऊन’ म्हणजे मुकुट, असे त्याचे नाव. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसेच कायदे केले.

ख्रिस्तसभेतही हा आवाज उमटला. सिस्टर थिया बोमन या मिसिसिपीतील फ्रान्सिस्कन धर्मभगिनी. १९८९ साली कर्करोगाने जर्जर झालेल्या अवस्थेत, चाकांच्या खुर्चीत बसून, आफ्रिकन पेहरावात त्यांनी अमेरिकेतील बिशपांच्या सभेपुढे भाषण केले. कृष्णवर्णीय कॅथलिक म्हणून आपण आपला इतिहास, आपले गाणे, आपले हावभाव, आपले सारे अस्तित्व घेऊनच ख्रिस्तसभेत येतो, असे त्यांनी सांगितले. त्या गायिल्या आणि बिशपांनाही त्यांनी हातांत हात गुंफून गावयास लावले. १९९० साली त्या निवर्तल्या. २०१८ साली त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस प्रारंभ झाला.

आता कोणी विचारील, साज-शृंगाराविषयी संत पेत्राने आपल्या पत्रात स्त्रियांना सावध केले आहे, त्याचे काय? ती सूचना खरीच आहे. पण ती श्रीमंतीचे प्रदर्शन करणाऱ्यांसाठी आहे. देवाने दिलेल्या रूपाची लाज बाळगा, असे ती सांगत नाही. दुसऱ्यापेक्षा मोठे दिसण्यासाठी केलेला शृंगार हा गर्व. आपल्याला मिळालेले रूप आनंदाने नीटनेटके राखणे ही कृतज्ञता. २०२० साली ऑस्कर पारितोषिक मिळविणारा मॅथ्यू चेरी यांचा ‘हेअर लव्ह’ हा छोटा चित्रपट हेच सांगतो. आई रुग्णालयात आहे. बाप पहिल्यांदाच आपल्या चिमुरडीचे कुरळे केस विंचरावयास बसतो. केस त्याला जुमानत नाहीत. तो धीर धरतो, शिकतो. सात मिनिटांची ही गोष्ट मुलांसोबत जरूर पाहावी. २००९ साली व्हाइट हाऊसमध्ये पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाने राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना विचारले होते, तुमचे केस माझ्यासारखेच आहेत का? ओबामा कमरेत वाकले आणि त्यांनी त्या मुलाला आपल्या डोक्याला हात लावू दिला. पीट सूझा यांनी टिपलेले ते छायाचित्र अनेक वर्षे व्हाइट हाऊसच्या भिंतीवर होते.

आपल्या घरांतही पाळण्यापाशी निवाडे होतात. रंग कोणावर गेला, नाक कसे, केस राठ की मऊ, हे बाळाच्या देखत बोलले जाते. पुढे तेच लग्नाच्या बोलण्यांत उतरते. बोलणारा विसरतो, ऐकणारी मुलगी विसरत नाही. वाचकहो, स्नानसंस्काराच्या वेळी आम्ही बालकाच्या मस्तकावर पाणी ओततो, टाळूला पवित्र तेल लावतो. ते केस कोणत्या जातीचे आहेत, हे कोणी विचारीत नाही. घरी परतल्यावर त्याच केसांतून फणी फिरविणाऱ्या हातांनी आणि त्यांविषयी बोलणाऱ्या जिभेनेही तोच मान राखावा, एवढेच आमचे मागणे आहे.