मढ: पाण्याच्या बाजूने

वेसाव्याचा किल्ला पाहायचा असेल तर वेसाव्याला जाऊन भागत नाही. किल्ला खाडीपलीकडे, मढच्या टोकाला आहे. जुन्या कागदांत मात्र तो बिनदिक्कत वेसाव्याच्या नावावर मांडलेला असतो. ज्यांनी तो बांधला आणि ज्यांनी तो घेतला, त्यांना दोन काठांवरच्या दोन गावांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं ते मधलं खाडीचं तोंड. मढचा मागोवा घ्यायचा तर तो या पाण्याच्या बाजूने घेतलेला बरा, कारण जमिनीच्या बाजूने पाहिलं तर मढ म्हणजे मालाडहून सुटणाऱ्या २७१ नंबरच्या बसचं शेवटचं टोक, एवढंच दिसतं.

आज मढ बेट राहिलेलं नाही. मालाड, मालवणी, मग अक्सा, धारवली, एरंगळ, भाटी असा रस्ता सरळ गावात उतरतो आणि वाटेत आपण कुठलं पाणी ओलांडलं हे कळतही नाही. पण आजची उपनगरं ज्यावर वसली आहेत त्या साष्टी बेटाचा वायव्य किनारा पूर्वी असा सलग नव्हता. गोराई-उत्तनकडचं धारावी बेट, मार्वे, मढ अशी लहान-मोठी बेटं खाड्यांच्या फाट्यांनी एकमेकांपासून आणि साष्टीपासून तुटलेली होती. उधाणाच्या भरतीला खाजण पाण्याखाली जायचं, टेकड्या तेवढ्या वर राहायच्या. ओहोटीला चिखल तुडवत पलीकडे जाता येत असे. म्हणजे बेटपणही भरती-ओहोटीच्या हिशेबाने येणारं-जाणारं होतं.

इथला दगड या बेटापेक्षा फारच जुना. मुंबईचा खडक म्हटलं की काळा बेसाल्ट डोळ्यांपुढे येतो, पण साष्टीच्या पश्चिम काठावर फिकट, पिवळसर-करड्या रंगाचे ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट जातीचे खडक आहेत. मढच्या उत्तरेला डोंगरी-उत्तन भागातल्या अशा लाव्हाचं वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षं निघालं आहे. दख्खनच्या पठारावरचा मोठा उद्रेक सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचा. म्हणजे तो आटोपल्यावर तीसेक लाख वर्षांनीही इथे जमिनीच्या पोटात काहीतरी धुमसत होतं. याच कुळातला दगड पुढे ‘मालाड स्टोन’ म्हणून शहरभर गेला. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींवर कुर्ल्याच्या करड्या दगडाशेजारी दिसणारा फिकट बदामी दगड तो हाच.

समुद्र मात्र इथे अलीकडचा. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला. मढची टेकडी तेव्हा सपाट प्रदेशातली एक साधी टेकडी होती. बर्फ वितळत गेलं, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते साधारण आजच्या जागी येऊन थबकलं. टेकडी जागची हलली नाही. पाण्याने येऊन तिचं बेट केलं.

पाण्याच्या या काठावर माणूस केव्हा वावरू लागला, याचा माग लागला तो विसाव्या शतकात, एका नौदल अधिकाऱ्यामुळे. के. आर. यू. टॉड हे गृहस्थ. नोकरी जहाजांची आणि छंद दगडांचा. कांदिवलीच्या ओढ्यांत त्यांनी पुराणाश्मयुगीन हत्यारं शोधली, ती अभ्यासकांना ठाऊक आहेतच. पण मार्वे, एरंगळ, मढ, मनोरी या किनाऱ्यावर त्यांना सापडली ती सूक्ष्मास्त्रं, चर्ट, जॅस्पर, अकीक अशा काचेसारख्या फुटणाऱ्या दगडांची. नखाएवढं पातं, एक कड धारेची, दुसरी बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली. असं एकटं पातं कशाच्याच कामाचं नाही. अशी चार-पाच पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीत बसवली की भाल्याचा काटा किंवा कापायचं हत्यार तयार. लाकूड आणि डिंक इथल्या दमट हवेत कधीच कुजून गेले, पाती तेवढी राहिली. टॉडनी या हत्यारांवर लिहिलेला लेख १९५० साली ‘एन्शंट इंडिया’त आला. आज या जागांपैकी बऱ्याच ठिकाणी बंगले आहेत. कोणाच्या लॉनखाली काय आहे, कोण जाणे.

मधली हजारो वर्षं मी ओलांडतो. लिखित इतिहासात हा काठ ठसठशीतपणे येतो तो पोर्तुगिजांबरोबर. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यात साष्टी आली. एरंगळच्या वाळूला लागून उभं असलेलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च १५७५ चं. या चर्चचं तोंड पाहिलं की मढचा कल लगेच लक्षात येतो: माणसं समुद्रातून येणार हे गृहीतच. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. गर्दी होते ती केवळ ख्रिस्ती लोकांची नसते. हिंदू कोळीही नवस घेऊन येतात.

समुद्रातून येणारे सगळेच काही नवस घेऊन आले नाहीत. १६९४ मध्ये मस्कतच्या अरबांनी साष्टीवर उतरून गावं आणि चर्चं जाळली, माणसं धरून नेली. तरीही पोर्तुगिजांनी वेसाव्याच्या किल्ल्याकडे फारसं लक्ष दिलं असं दिसत नाही. १७२८ च्या एका पोर्तुगीज पाहणीत त्याची अवस्था लिहून ठेवली आहे: जेमतेम पन्नास शिपाई, त्यांतले दहाच गोरे, आणि निकामी तोफा. खाडीवर राज्य करायचं ते या भांडवलावर. अकराच वर्षांनी, फेब्रुवारी १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. पुढच्या महिन्यात धारावी बेट पडलं आणि मे महिन्यात वसई. वसईच्या वेढ्याचं वर्णन आपण शाळेपासून वाचतो, पण त्या आधी किनाऱ्यावरची ही एकेक तोंडं बंद केली नसती तर वसईला समुद्रातून रसद पोचतच राहिली असती. मोहिमेचं खरं कौशल्य मला तरी या बारक्या ठाण्यांत दिसतं.

मराठ्यांकडे हा किल्ला पस्तीस वर्षं राहिला. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि त्यापाठोपाठ वेसाव्याचाही, म्हणजे मढचा. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. दोन्ही काठ आणि मुंबई एकाच धन्याची झाल्यावर खाडीच्या तोंडावर पहारा ठेवायचं कारणच उरलं नाही. किल्ला पडून राहिला. दुसऱ्या महायुद्धात या किनाऱ्याला पुन्हा लष्करी भाव आला, सैन्य उतरवणाऱ्या बोटींच्या सरावासाठी. मार्व्याचा आयएनएस हमला हा नौदलाचा तळ त्याचाच वारसा. किल्ला आज हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीवाचून आत जाता येत नाही. शूटिंगवाल्यांना मात्र तो चांगला ठाऊक आहे. कितीतरी हिंदी सिनेमांतल्या खलनायकांचा अड्डा म्हणून तुम्ही तो न ओळखता पाहिलेला असतो.

किल्ल्याच्या बाजूने हे सगळं चालू असताना बेटपण गेलं ते मागच्या दाराने, खाजणातून. आणि ते सत्ताधीशांनी नव्हे, शेतकऱ्यांनी घालवायला सुरुवात केली. साष्टीत खाजणाला बांध घालून भरतीचं पाणी अडवायची आणि आत खारं सोसणारं तांबडं भात घ्यायची रीत जुनी. बांध घालणाऱ्यांच्या हक्काला शिलोत्री म्हणत. बांध फुटला की सगळ्यांनी मिळून बुजवायचा, कारण एकाचं शेत वाचवून चालत नाही. या बांधांनी जमीन फारशी बळकावली नव्हती. बांधांत उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, होती आणि त्यांतून पाणी आत-बाहेर करत होतं. खरी भर पडली ती विसाव्या शतकात: रस्ता, मालवणीची वसाहत, मालाडच्या खाडीकाठचं डंपिंग, त्याच कचऱ्यावर उभी राहिलेली काचेची कार्यालयं. आरेतून येणारी ओशिवरा आणि राष्ट्रीय उद्यानातून येणारी पोईसर या दोन्ही नद्या वाटेत उपनगरांचं सांडपाणी घेऊन याच खाडीत उतरतात. अलीकडे मढ-मार्वे पट्ट्यात किनाऱ्यालगत स्टुडिओ उभे राहिले. त्यांतले काही हरित लवादाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये पाडावे लागले.

या सगळ्यात टिकून राहिलं ते तिवर. तिवराच्या पानाची खालची बाजू चाटून पाहिली तर ती खारट लागते. झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं श्वास घेण्यासाठी. ओहोटीला त्या मुळांमध्ये निवट्या उड्या मारताना दिसतात, आणि एकच चिमटा भलामोठा असलेले खेकडे. हिवाळ्यात कुरव आणि सुरय येतात, चिखलावर तुतवार धावतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यात कांदळवन तोडायला मनाई केली, २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष निघाला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. मान मिळाला हे चांगलंच झालं. तरी रात्री ट्रकने येऊन पडणारा राडारोडा चिप्पीला ओळखत नाही.

मढचं गाव या पाण्यावर जगतं ते डोलीने. डोल म्हणजे निमुळती होत गेलेली लांब पिशवी. समुद्राच्या तळात खुंट ठोकून तिचं तोंड प्रवाहाकडे करून बांधायची. मासळीच्या मागे धावायचं नाही, पाणीच मासळी घेऊन आत येतं. उधाणाला प्रवाह जोराचा म्हणून धंदा जोरात, भांगाला थंड. कोळ्याच्या घरात तिथी पाहायची ती या कामासाठी. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही या जाळ्याची मासळी. जवळा जमिनीवर पसरून सुकतो. बोंबलाचं काम नाजूक. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी सुकवण्याच्या मांडवाच्या, म्हणजे वलांडीच्या दोरीवर टांगायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना गाठ, ना काडी. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, ते एकदा रुतले की वाऱ्याने जोडी सुटत नाही. बायकांचे हात हे इतक्या झपाट्याने करतात की पाहणाऱ्याला अडकवल्याचा क्षण दिसतच नाही.

वेसाव्याहून मढला यायला फेरीबोटीला काही मिनिटं लागतात. लोक मोटारसायकलीसकट चढतात. तेच अंतर रस्त्याने जायचं तर मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. म्हणून दोन काठांमध्ये पुलाची योजना महापालिकेने हाती घेतली आहे. पूल हवा असं मढमध्येही अनेक जण म्हणतात आणि त्यांचं चुकतं असं नाही. अपरात्री आजारी माणूस घेऊन मालाडच्या वाहतुकीत अडकलेल्याला खाडीचं सौंदर्य सांगून उपयोग नाही. पण मच्छिमारांचं गाऱ्हाणं या पुलाच्याही आधीचं आहे आणि ते कोणत्या भूमिपूजनात बसत नाही: खाडीतला गाळ काढा. तोंडाशी गाळ इतका साचला आहे की ओहोटीला भरलेली बोट आत येत नाही. बर्फ वितळत असतं, मासळी उतरायची घाई असते, आणि किल्ल्याखाली नांगर टाकून भरतीची वाट पाहत बसावं लागतं.