वीसपासून एकशेवीसपर्यंत : पिशवीबंदीचा प्रवास

बाजाराला निघताना खुंटीवरची पिशवी उचलायची, ही आपल्या घरांतली न सांगता होणारी गोष्ट होती. भाजीची पिशवी वेगळी, किराणाची वेगळी, तेलाला किटली. वाणी रद्दीच्या कागदात पुड्या बांधून वर दोरा गुंडाळून देई. जुन्या चादरीच्या, विजारीच्या कापडाच्या पिशव्या घरातच शिवल्या जात. पिशवी पुरवणे हे दुकानदाराचे काम नव्हतेच. ते त्याच्याकडे गेले आणि पुन्हा घराकडे आणताना सरकारांची दमछाक झाली, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

आज जिच्यावर बंदी आहे ती दोन कानांची पातळ पिशवी स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीचे अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या डोक्यातून आली. प्लॅस्टिकची सपाट नळी घ्यायची, दोन्ही टोके चिकटवायची आणि वरचा मधला भाग कापून दोन कान ठेवायचे, इतकी साधी युक्ती. १९६५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. थुलिन स्वतः तिची घडी करून खिशात ठेवत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. म्हणजे मुळात ती पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू होती. फुकट मिळू लागली, तेव्हा ती फेकण्याची झाली.

बंदीचा विचार बहुतेक ठिकाणी पाणी तुंबल्यावरच सुचला. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत पिशव्यांनी गटारे बुजलेली दिसली. १ जानेवारी २००२ पासून ढाक्यात आणि त्याच वर्षी देशभर पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी आली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या प्रलयाला भरती, मिठी नदीवरची अतिक्रमणे अशी इतरही कारणे होती. पण गटारांत अडकलेल्या पिशव्या सर्वांनी पाहिल्या. २००६ साली महाराष्ट्राने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केंद्राने १९९९ साली किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली, २०११ साली ४०, २०१६ साली ५०. पुढे ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. यामागचा हिशेब सरळ होता. पातळ पिशवीला भंगारात किंमत नाही, म्हणून कचरा वेचणारे तिला उचलत नाहीत. जाड पिशवी महाग, म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही. २०११ च्या नियमांत तर पिशवी फुकट देऊ नये असे स्पष्टच लिहिले होते. २०१६ मध्ये पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने महिन्याला किमान ४,००० रुपये भरून नोंदणी करावी असे ठरले. २०१८ च्या दुरुस्तीत ती तरतूदच वगळली गेली. जाडी मोजायची तर कायद्याला यंत्र लागते. भाजीच्या गाड्यापाशी ते कोण घेऊन उभे राहणार?

आपल्या बेळगावची गंमत आणखी वेगळी. मार्च २०१६ मध्ये कर्नाटकाने जाडीचा प्रश्नच ठेवला नाही. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग सरसकट बंद. पण पलीकडच्या चंदगड तालुक्यात जाड पिशवी आणखी दोन वर्षे कायदेशीर होती. मग २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला : पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिने कैद. चोर्ला घाट उतरावा तर गोव्यात अविघटनशील कचऱ्याचा कायदा १९९६ पासूनच आहे. तीन राज्ये, तीन कायदे. पिशवी मात्र तिन्हीकडे तीच, आणि गणपत गल्लीत ती अजूनही दिसते.

शिवाय तिने वेशही बदलला. दुकानात 'कापडी' म्हणून मिळणारी रंगीत, खरखरीत पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. २०२१ च्या नियमांनी तिलाही दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली. १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल देशभर बंद झाले, तेव्हा हा विषय थेट आपल्या मखरापर्यंत आला. मखरे कागदाची, कापडाची, बांबूची होऊ लागली, कारण ती करणारे हात आपल्याकडे होते.

पिशवीचेही तेच आहे. कायद्याने वीस वर्षे पिशवीची जाडी मोजली. बाजारात रिकाम्या हाताने येणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र त्याने मोजले नाही. आणि रिकामा हात दिसला की विक्रेता पिशवी देणारच, नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जाईल. शहापूर-वडगावच्या मागांवर पिढ्यान् पिढ्या साड्या विणणाऱ्या या गावात कापडाची वाण कधीच नव्हती. विरलेल्या एका साडीत भाजीच्या कितीतरी पिशव्या होतात. यंदा कपिलेश्वर तलावाकडे निघताना निर्माल्य अशाच पिशवीतून न्यावे, कुंडात रिकामी करावी आणि पिशवी धुऊन पुन्हा खुंटीला लावावी. तिथे ती डोळ्यांसमोर राहिली, की दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना आपोआप हाती येते.