जावळीचें खोरें

उन्हाळ्यांत महाबळेश्वरास जाणारीं आपल्याकडील कुटुंबें पश्चिमेच्या कड्यावर उभीं राहून खालचें दाट रान घटकाभर पाहतात आणि परततात. मराठ्यांच्या राज्याची वाट त्याच रानांतून गेली, हें मनांत आणून पाहणारे थोडे.

कोयना महाबळेश्वरीं उगम पावून याच खोऱ्यांतून दक्षिणेस वाहते. कोंकणांत उतरणारा पारघाटही येथलाच. म्हणजे वाई प्रांताचा महाडकडील दरवाजा जावळीच्या मोऱ्यांच्या हातीं होता. ‘चंद्रराव’ हा किताब त्यांस विजापूरच्या दरबारानें दिला खरा, परंतु अंमल दरबाराचा नव्हे, रानाचा होता.

१६५६ च्या आरंभीं शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली. मोऱ्यांचा वध कसा झाला याविषयीं बखरींची एकवाक्यता नाहीं. जदुनाथ सरकारांनीं १९१९ सालच्या आपल्या चरित्रग्रंथांत तो योजून केलेला खून ठरविला, आणि आमच्या पंडितांनीं त्यावर पुष्कळ शाई खर्च केली. मला दोन्ही पक्ष घाईचे वाटतात. निवाडा देण्यापूर्वीं नकाशा पाहावा. जावळीवांचून महाराजांस दक्षिणेकडे पाऊल टाकणें कठीण होतें. तथापि गरज सिद्ध झाली म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाहीं, हेंही विद्यार्थ्यांस सांगितलें पाहिजे. आम्ही शिक्षक तें बहुधा टाळतों.

फळ मात्र निर्विवाद. रायरी हातीं आली, तिचा पुढें रायगड झाला. पारघाटावर प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखान त्याच्या पायथ्याशीं मारला गेला. पण वाईचें मोकळें मैदान सोडून तो या रानांत उतरला, तेव्हांच अर्धी लढाई संपली होती.

दक्षिणेकडे वासोटा आहे. १८१८ मध्यें इंग्रजांनीं तो घेतला, तेव्हां सातारच्या छत्रपतींच्या घरचीं माणसें तेथें अटकेंत होतीं. आतां तेथें जाण्यास बामणोलीहून नावेंत बसावें लागतें. कारण कोयनेच्या धरणानें खोऱ्याचा तळ शिवसागराखालीं गेला. आमच्या नावाड्यास त्याचें गांव विचारलें, तर त्यानें पाण्याकडे बोट केलें. त्याचे भाऊबंद दूरच्या जिल्ह्यांत वसविले गेले. कित्येक धरणग्रस्तांना जमिनीसाठीं दशकानुदशकें खेटे घालावे लागले. त्यांतच ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे भूकंपानें कोयनानगर हादरलें. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. वीज मात्र दूरच्या शहरांना मिळाली.

१९८५ पासून येथें अभयारण्य आहे. वासोट्याची वाट पावसाळ्यांत बंद असते. जावयाचें तर दिवाळीनंतर जावें, आणि पार गांवचें रामवरदायिनीचें देऊळ चुकवूं नये.